गोव्याच्या वाटांसाठी उंच, चारही चाकांना ताकद देणारी आणि परवडणारी इस्टेट गाडी: काय निवडावे?

कुळागरवाट
नमस्कार. गाडी बदलण्याचा विचार चालू आहे आणि त्याबाबत येथील जाणकारांचे मत हवे आहे.

माझे घर वाळपईच्या पुढे आहे आणि नोकरी पणजीत. रोजची ये-जा चांगल्या डांबरी रस्त्याने होते. अडचण आहे ती घराकडच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. मुख्य रस्ता सोडला की तांबड्या मातीचा चढ लागतो, मग व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), आणि त्यापलीकडे कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेने जाणारी वाट. मिरगापासून चवथीपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात, या चढावर सध्याच्या गाडीची पुढची चाके जागच्या जागी फिरत राहतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही चोर्ला घाटातून बेळगावकडे किंवा आंबोलीला जातो आणि वाटेत एखादी कच्ची वाट दिसली तर तिकडे वळायला आम्हा दोघांनाही आवडते.

गाडीकडून अपेक्षा अशा आहेत. डिकी लांब आणि सपाट हवी, कारण सुपारीची पोती, पंप, पाईप आणि गवत कापण्याचे यंत्र हे सारे तिच्यातूनच जाते. डिकीचा उंबरठा फार उंच नको. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे पायरी चढल्याप्रमाणे गाडीत चढावे लागू नये. पोट मात्र जमिनीपासून वर हवे आणि चारही चाकांना ताकद मिळायला हवी. परदेशात अशा उंच केलेल्या इस्टेट गाड्या (छत मागेपर्यंत नेलेल्या, लांब डिकीच्या मोटारी) वर्षानुवर्षे मिळतात. आपल्याकडे नवी किंवा जुनी, १५ लाखांच्या आत, या वर्णनाला जवळची गाडी कोणती?

मांडवीतीर
कुळागरवाट, आपण ज्या गाडीचे वर्णन केले आहे तिचा इतिहास मोठा आहे, पण दुर्दैवाने आपल्या बाजारात तो जवळजवळ पोहोचलाच नाही.

साध्या मोटारीचे शरीर थोडे वर उचलून तिला चारही चाकांची ताकद देण्याचे काम अमेरिकेत एएमसी कंपनीने १९८० च्या ईगल या गाडीत केले, आणि तिच्यात इस्टेटचाही नमुना होता. पुढे सुबारूने लेगसी इस्टेटवरून आउटबॅक काढली आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकप्रिय केला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने व्ही ७० एक्ससी आणली, ऑडीने ऑलरोड, आणि नंतर स्कोडाने ऑक्टाव्हिया स्काउट. या सर्वांत शेतकरी, पशुवैद्य, डोंगराळ भागातील शिक्षक अशा रोज गाडी लागणाऱ्या माणसांना परवडावी अशी गाडी म्हणजे स्काउट आणि जुन्या आउटबॅक.

भारतात सुबारू अधिकृतपणे विकली जात नाही. या वर्णनात तंतोतंत बसणारी व्होल्वो व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये येथे आली होती, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) आणि चारही चाकांची ताकद घेऊन, पण किंमत साधारण ६० लाख होती. आपल्याकडच्या जुन्या इस्टेट गाड्या म्हणजे टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना. फियाटने पॅलिओच्या इस्टेटला उंच करून अ‍ॅडव्हेंचर या नावाने येथे विकले होते. दिसायला ती नेमकी आपल्या मनातली गाडी होती, पण ताकद पुढच्याच चाकांना मिळत असे. म्हणजे परवडणारी इस्टेट, उंची आणि चारही चाके या तीन गोष्टी आपल्याकडे एकाच गाडीत कधीच आल्या नाहीत. दोन मिळतील, तिसऱ्या बाबतीत तडजोड करावी लागेल.

चोर्ल्याचा चढ
मांडवीतीर यांच्याशी सहमत आहे, तरीही निराश होण्याचे कारण नाही. वापरलेली रेनॉ डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह पाहावी. तिला एसयूव्ही म्हटले गेले, पण तिची घडण मोटारीची आहे. शिडीसारखी जड चौकट नाही, मागचे सस्पेन्शन स्वतंत्र मल्टिलिंक प्रकारचे आहे आणि बसण्याची उंची थार किंवा जिम्नीपेक्षा कमी आहे. ही आवृत्ती २०१४ मध्ये आली. दीड लिटर डिझेल, ११० पीएस (अश्वशक्तीचे माप), सहा गिअरची मॅन्युअल पेटी आणि २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. पहिला गिअर मुद्दाम खूप आखूड ठेवलेला असल्यामुळे लो-रेंज (बिकट वाटेवर अगदी सावकाश जाण्यासाठीचा जादा गिअर-संच) नसतानाही गाडी तीव्र चढावर अगदी सावकाश चढते, आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवते.

तिच्या गोल बटणावर तीन स्थिती आहेत. टू व्हील ड्राइव्हमध्ये फक्त पुढची चाके चालतात. ऑटोमध्ये पुढची चाके घसरू लागताच विद्युत-चुंबकीय जोडणी मागच्या चाकांकडे ताकद वळवते. लॉकमध्ये कमी वेगाला ताकद पुढे-मागे समान वाटली जाते. आपला तांबडा चढ सुरू होण्याआधीच लॉक लावावे; चाके फिरू लागल्यावर लावले तर तोवर पृष्ठभागाचा चिखल झालेला असतो.

बार्देशचा प्रवासी
डस्टरच्या डिकीबद्दल एक भर घालतो. चारही चाकांच्या आवृत्तीत मागच्या ॲक्सलमुळे जागा कमी होते. साध्या डस्टरमध्ये ४७५ लिटर, तर हिच्यात ४१०. मागची सीट पाडल्यावर पोती आरामात बसतील, पण विकत घेण्यापूर्वी आपले गवत कापण्याचे यंत्र प्रत्यक्ष ठेवून पाहावे.

सासष्टीचा रहिवासी
मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे, आणि ते नीट विचार करून मांडत आहे.

गोव्यात रोजच्या वापरासाठी चारही चाकांच्या ताकदीची गरज फार थोड्या लोकांना आहे. वर्षातील आठ महिने आपल्या वाटा कोरड्या असतात. उरलेल्या चार महिन्यांत जे अपघात होतात, ते चढ चढता न आल्यामुळे होत नाहीत. वेगात वळण घेताना किंवा ब्रेक लावताना गाडी घसरल्यामुळे होतात. ब्रेक तर प्रत्येक मोटारीचे चारही चाकांवरच असतात. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाल्याने थांबण्याचे अंतर एका फुटानेही कमी होत नाही. चढावर गाडी पकड धरते आहे असे वाटून माणूस उतारावरही तेवढाच विश्वास ठेवतो, आणि अनमोड घाटातल्या पावसात हा विश्वास घातक ठरतो.

आपली अडचण एका चढाची आहे. त्या चढावर चाकांच्या अंतराने काँक्रीटच्या दोन पट्ट्या घाला, मध्ये जांभ्याचे चिरे बसवा आणि पाणी कडेने वाहून जाईल असे गटार काढा. गाड्यांच्या किमतीतील फरकापेक्षा हे काम नक्कीच स्वस्त पडेल, आणि त्याचा उपयोग आपल्याबरोबर शेजाऱ्यांना, दुचाकीवरून येणाऱ्यांना आणि रुग्णवाहिकेलाही होईल. त्यानंतर चांगले टायर असलेली साधी, ऐसपैस गाडी पुरेल.

कुळागरवाट
पट्ट्यांची सूचना मनापासून पटली. परंतु चढाचा वरचा अर्धा भाग सामाईक भाटातून (बागायती जमिनीतून) जातो आणि तिथे सर्व वाटेकऱ्यांची संमती लागते; ती मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे. खालच्या आमच्या भागात या उन्हाळ्यातच काम करता येईल.

नेत्रावळीकरीण
सासष्टीचे बंधू म्हणतात ते ब्रेकबाबत अगदी खरे आहे. गरज मात्र फक्त चढावर पडते असे नाही. मी सांगे तालुक्यात नोकरीसाठी रोज गाडी चालवते. आमच्याकडचे आतले रस्ते एका गाडीपुरते आहेत. समोरून ट्रक किंवा बस आली की लहान गाडीलाच डांबर सोडून साईडपट्टीवर उतरावे लागते. पावसाळ्यात ती पट्टी म्हणजे ओले गवत आणि त्याखाली मऊ झालेली माती, आणि डांबराची कड तर कित्येक ठिकाणी वीतभर उंच असते. उतरणे सोपे असते, परत वर येणे कठीण. डावीकडची दोन्ही चाके चिखलात असताना पुढची चाके फिरत राहतात आणि गाडी आणखी गटाराकडे सरकते. पूर्वीच्या गाडीला अशा वेळी माणसे बोलावून ढकलावे लागे. आता चारही चाकांची गाडी आहे आणि ती मागून ढकलल्यासारखी सरळ वर येते. एकट्या बाईला अंधार पडल्यावर या गोष्टीचे मोल किती आहे, हे मला शब्दांत सांगता येणार नाही.

आई-बाबांच्या गुडघ्यांबद्दल सांगायचे तर सीटची उंची मांडीच्या उंचीइतकी असेल तर वयस्कर माणसांना सर्वांत सोपे जाते. फार खाली असलेल्या मोटारीतून उठतानाही त्यांना त्रासच होतो. त्यामुळे थोडी उंच गाडी त्यांना उलट सोयीची पडेल. दोघांना सोबत नेऊन बसवून पाहा.

चोर्ल्याचा चढ
नेत्रावळीकरीण ताईंनी नेमका मुद्दा मांडला. चढावर पुढच्या चाकांची गाडी का घसरते, हेही सांगून ठेवतो. चढ लागला की गाडीचे वजन मागे झुकते. डिकीत सुपारीची पोती असतील तर आणखी मागे. ज्या चाकांनी ओढायचे त्यांच्यावरचा भार नेमका त्याच वेळी कमी होतो. मागच्या चाकांनाही ताकद मिळाली की हेच वजन उपयोगी पडते. म्हणून माल घेऊन चढ चढणाऱ्यासाठी दोन्ही प्रकारांतला फरक रिकाम्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

पेडण्याचा पाहुणा
अशी गाडी घेतली तर मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर वाळूत नेता येईल का? मित्र विचारत आहेत.

मांडवीतीर
नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि गुन्हा नोंदवला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी कासवांची अंडी घालण्याची जागा मोरजीच्या किनाऱ्यावर आहे. तिथे चाक फिरवण्याचा विचारही कोणी करू नये. दूधसागरचेही तसेच: कुळ्याहून अभयारण्यातून धबधब्याकडे ठरावीक जीपगाड्याच जातात, आपली गाडी चारही चाकांची असली तरी ती न्यायची नसते. आडवाटेची आवड असणाऱ्यांनी अशा नियमांचा आदर राखला तरच पुढच्यांसाठी वाटा मोकळ्या राहतील.

फोंड्याचे गॅरेज
माझे काम गाड्या दुरुस्त करण्याचे आहे, म्हणून चारही चाकांच्या गाडीच्या देखभालीबद्दल लिहितो. याबद्दल विक्रेते बहुधा बोलत नाहीत.

पहिली गोष्ट टायरची. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एक टायर फुटला म्हणून एकच नवा घातला तर त्याचा घेर मोठा पडतो, चाकांच्या फिरण्यात कायमचा फरक राहतो आणि मधली जोडणी सतत काम करत तापते. त्यामुळे टायर वेळोवेळी पुढे-मागे अदलाबदल करावेत आणि बदलताना चारही बदलावेत. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दुसरी गोष्ट ओढून नेण्याची. गाडी बंद पडली तर पुढची दोन चाके उचलून मागची जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये. चारही चाके वर घेणारी सपाट गाडीच बोलवावी.

तिसरी गोष्ट गंजाची. किनाऱ्यालगतची खारी हवा आणि पावसाळ्यातला तांबडा चिखल या दोन्हींमुळे गाडीचे पोट खराब होते. मागच्या डिफरन्शियलभोवती (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीभोवती) चिखल साचून सुकतो, त्यात ओल टिकून राहते. चवथ झाली की गाडी उचलून पोट स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे आणि गंजरोधक लेप तपासावा. जुनी गाडी घेताना मी आधी बाहेरचा रंग पाहत नाही, गाडी उचलून खालून पाहतो.

मांडवीतीर
इस्टेट आपल्याकडे का रुजली नाही, यावर थोडे लिहावेसे वाटते, कारण कुळागरवाट यांच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. चार मीटरच्या आतील लहान गाड्यांना २००६ पासून करात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी गाड्यांची शेपटी कापायला सुरुवात केली. इस्टेटचे सारे वैशिष्ट्य तर त्या शेपटीतच असते. पुढे जीएसटी आल्यानंतर चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीला सर्वांत जास्त, म्हणजे अधिभारासह ५० टक्के कर लागू झाला. मोठ्या इंजिनाची इस्टेट उंच केली की ती याच वर्गात जाऊन पडत असे. डस्टरचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे आणि मारुती ग्रँड विटाराचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे. परवडणाऱ्या किमतीतल्या, मोटारीच्या घडणीच्या आणि चारही चाकांच्या या दोन्ही गाड्या १५०० च्या रेषेखालच्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभार गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर आला. आता तरी एखादी कंपनी लांब शेपटीची गाडी आणण्याचे धाडस करील, अशी मला मनापासून आशा आहे.

बार्देशचा प्रवासी
ग्रँड विटाराचा उल्लेख आलाच आहे तर तिच्या ऑलग्रिप, म्हणजे चारही चाकांच्या आवृत्तीविषयी. ती २०२२ मध्ये आली आणि टोयोटा हायरायडरमध्येही तीच यंत्रणा आहे. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक अशा चार स्थिती मिळतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण स्नो ही स्थिती ओल्या चिखलावर उपयोगी पडते, कारण ती इंजिनाची ताकद हळुवार सोडते. १०३ पीएसचे पेट्रोल इंजिन डस्टरच्या डिझेलइतके खालच्या फेऱ्यांत जोर देत नाही, त्यामुळे भरलेल्या गाडीने तीव्र चढ चढताना थोडी गती धरून जावे लागते. वापरलेली घेतली तर १५ लाखांत बसावी.

डिचोलीचा वाटसरू
जिम्नीबद्दल कोणीच काही लिहिले नाही. खरी फोर बाय फोर आहे, लो-रेंज आहे.

चोर्ल्याचा चढ
वाट फारच बिकट असेल तर जिम्नीसारखी गाडी नाही. परंतु सर्व सीट वापरात असताना तिची डिकी २०८ लिटरचीच राहते, आणि आई-बाबांना मागे बसवून पोतीही न्यायची आहेत. रोज पणजीपर्यंत जाऊन परत येणाऱ्याला मोटारीसारख्या घडणीची गाडी कमी थकवते. म्हणून या प्रश्नापुरती ती बाजूला ठेवली.

सासष्टीचा रहिवासी
नेत्रावळीकरीण ताईंचा साईडपट्टीचा मुद्दा मान्य. एकट्याने प्रवास करणाऱ्याला त्याचे महत्त्व आहे. तरीही टायरबाबत माझा आग्रह कायम आहे. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देता येते, पण आपल्या पावसात मी ३ मिलिमीटरवरच टायर बदलतो. पाण्याचा थर बाजूला फेकण्याचे काम नक्षीच्या खाचा करतात. त्या उथळ झाल्या की चारही चाकांची गाडीसुद्धा पाण्यावर तरंगते आणि सुकाणू हलके लागते.

नेत्रावळीकरीण
सहमत. कुळागरवाट यांना आणखी एक विचारायचे आहे: साकवावरून पाणी जाते का?

कुळागरवाट
जोरदार पावसात काही तास जाते. तेव्हा आम्ही अलीकडेच थांबतो.

फोंड्याचे गॅरेज
गाडी बदलल्यावरही असेच थांबत जा. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे याचा अर्थ तेवढ्या वाहत्या पाण्यातून जाता येते असा होत नाही. वाहत्या पाण्याचा रेटा गाडीला कडेला नेतो, आणि साकवाला कठडा नसेल तर पुढचे सांगायला नको. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलेच तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये; हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पावसाळ्यात कच्च्या वाटेने जाणाऱ्याने ती घ्यावीच.

कुळागरवाट
सर्वांचे मनापासून आभार. येथील चर्चेनंतर घरी बसून विचार केला. खालच्या चढावर पट्ट्यांचे काम पावसाआधी करून घेणार आहोत आणि गाडीही चारही चाकांचीच घेणार आहोत, कारण बायको रात्रपाळी करून एकटी परत येते आणि साईडपट्टीचा अनुभव वाचून तिने हा निर्णय पक्का केला. फोंड्यात एक वापरलेली डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, २०१६ ची, पाहण्यात आली आहे. आई-बाबांना बसवून पाहिले. दोघेही सहज बसले आणि उतरले. गवत कापण्याचे यंत्र सीट पाडल्यावर बसते. पाईप टपावरच्या कॅरियरवरून न्यावे लागतील, तेवढी तडजोड चालेल. व्यवहार करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

फोंड्याचे गॅरेज
गाडी ओल्या गवताच्या उतारावर नेऊन आधी टू व्हील ड्राइव्हमध्ये चढवून पाहा. पुढची चाके घसरू लागली की थांबा, लॉक लावा आणि त्याच जागेवरून पुन्हा चढवा. मागची चाके लगेच ओढू लागली पाहिजेत. उशीर झाला किंवा यंत्रणेचा दिवा लागला तर जोडणीचे काम निघणार आहे असे समजा. मग सपाट मोकळ्या जागेत सुकाणू पूर्ण वळवून टू व्हील ड्राइव्हमध्ये हळू गोल फिरवा आणि खालून टकटक आवाज येतो का ते ऐका. मागच्या डिफरन्शियलचे तेल बदलल्याची नोंद मागा. चारही टायरची नक्षी मोजा. त्यात मोठा फरक असेल तर आधीच्या मालकाने गाडी तशीच चालवली आहे असे धरून किंमत ठरवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०३१ नंतर फिटनेस करून नूतनीकरण करावे लागेल, तेही हिशेबात घ्या. गाडी उचलून पोट पाहायचे असेल तर घेऊन या, मी स्वतः पाहून सांगेन.